दहा बाय अकराच्या खोलीतली पावलं

ता. ४ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

वाचनालयातल्या टेबलावरून लिहितेय. फोनच करणार होते, पण घरून केला तर हे ऐकतात. आमची दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि मध्ये दार नाही, हे तू जाणतोसच. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर ठोकाठोकीत तुला अर्धंच ऐकू येतं. तेव्हा स्पीकर उघडता उघडता वाचू नकोस, हात पुसून वाच.

मला होम थिएटर घ्यायचंय. हसून झालं असेल तर पुढे सांगते.

गेल्या रविवारी लेकीच्या सासरी गेलो होतो. व्याह्यांनी हॉल नव्याने सजवलाय. भिंतभर पडदा, कोपऱ्यांत कपाटाएवढे स्पीकर. सिनेमा लावला तर खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. मध्येच व्याही सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाले, की तुम्हीही स्टुडिओतच होतात ना, चपला सांभाळायला? सगळे खो-खो हसले. माणूस मनाने वाईट नाही, त्यांना खरंच तेवढंच ठाऊक होतं. पण हेही हसले, ते मला फार लागलं.

एकतीस वर्षं हे सिनेमातल्या माणसांची पावलं वाजवत होते. नट चालतो तेव्हा त्याच्या पायांचा आवाज धड येत नाही, म्हणून मागाहून बंद खोलीत पडद्याकडे बघत, तसलेच बूट घालून, वाळूवर, फळीवर, फरशीवर हे चालायचे. नायकाचे बूट हेच आणि नायिकेच्या टाचाही हेच. त्यासाठी चांभाराकडून ह्यांच्या मापाच्या उंच टाचा करून घेतल्या होत्या, त्याने कितीदा संशयाने पाहिलं असेल देव जाणे. पण पडद्यावर नाव कधीच आलं नाही. मी आयुष्यभर वाचनालयात लोकांना गप्प बसवलं आणि ह्यांनी आयुष्यभर आवाज काढले, तरी संसार झाला.

त्या दिवशी घरी आल्या आल्या ह्यांनी पलंगाखालून ती बुटांची पेटी ओढली आणि दारात नेऊन ठेवली. ह्या महिनाअखेरीस भंगारवाल्याला द्यायची म्हणतात. आता हे सगळं संगणकात आयतं मिळतं, मी चपला कशाला सांभाळू, असं म्हणाले. तेव्हापासून घरात बोलणं हो-नाही पुरतंच आहे.

आणि खरं सांगू का, त्यांचं काम मीही कधी नीट ऐकलेलं नाही. थिएटरात हे सोबत यायचे नाहीत, आणि आमचा टीव्ही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा बोलतो. त्यात पावलं कुठली ऐकू येणार? लेकीनेही ऐकलेली नाहीत. म्हणून व्याह्यांना आपल्याच खोलीत बसवून ते ऐकवायचंय, पेटी भंगारात जायच्या आत. ह्यांना मी एवढंच सांगितलंय की मी निवृत्त होतेय, तर मला सिनेमे बघायला हवंय. आपल्याला झेपेल असं काय घेऊ ते लवकर कळव.

मुलांना गोड पापा. माया आहेच, ती उत्तरात दिसू दे.

तुझी
ताई

---

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो, कबूल. पण चपलांपर्यंत आलो आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. भाऊजींना असं कोणी बोलावं, हे माझ्या पचनी पडत नाही.

आता कामाचं. खोक्यावरचे मोठमोठे आकडे वाचून भुलू नकोस, ते गिऱ्हाइकाला गार करण्यासाठीच छापलेले असतात. तुमच्या खोलीत आवाज मोठा नको, स्वच्छ हवा. धाडधाड करणारा तो बेसचा मोठा खोका घेतलास तर सिनेमा तुमच्या आधी खालच्या मजल्यावरचे लोक बघतील. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे छोटे स्पीकर बघ. समोर डावा आणि उजवा, आणि मध्ये एक, बोलण्यासाठी. झालं तुझं थिएटर. पाठीमागचे दोन म्हणजे निव्वळ मिरवणं. तुमचा दिवाण भिंतीला चिकटलेला, मागे लावणार कुठे, शेजाऱ्यांच्या खोलीत?

एक गोष्ट तुझ्या पथ्यावर पडेल. तुझी भिंतभर पुस्तकं आवाज घुमू देत नाहीत. व्याह्यांच्या चकचकीत फरशीत आवाज इकडून तिकडे आपटत असणार. जमिनीवर जाड सतरंजी टाक, खिडकीला जाड पडदा लाव. दुकानात मांडून ठेवलेलं गेल्या वर्षीचं मॉडेल माग, ते स्वस्तात सोडतात. किती खर्च करणार ते मात्र आधी बोलू नकोस. आणि भाऊजींना सोबत ने. त्यांच्या कानापुढे माझी यंत्रं झक मारतात.

खोलीचं माप कळव. तुझ्या रागाचं माप नको, ते पाठ आहे. तब्येत सांभाळ, आणि जीव लाव तसाच लावत राहा.

तुझा
खटपट्या

---

ता. १६ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

माप घे: दहा बाय अकरा. त्यात दिवाण, दोन खुर्च्या, पुस्तकांची फळी आणि दारात ती पेटी. तिला रोज माझं बोट ठेचतं आणि रोज मी गप्प बसते.

दोन दुकानं पालथी घातली. पहिल्यात पोऱ्यासारख्या उत्साहाने दुकानदाराने बॉम्बस्फोट लावले, मोटारी उडवल्या. हे म्हणाले, काहीतरी शांत लावा. तो बिचारा गोंधळलाच, असं कुणी मागतच नाही म्हणाला. मग शांत प्रसंग लागला. ह्यांनी मान खाली घालून अर्धं मिनिट ऐकलं, आणि चल म्हणून बाहेर! दुसऱ्या दुकानात तर खिशातून स्वतःची एक डिस्क काढली. ती कसली म्हणून विचारलं तर म्हणाले, जुनी आहे. जरा वेळ ऐकली, परत खिशात घातली आणि नको म्हणाले. तिथलं यंत्र व्याह्यांच्या तोडीचं होतं, दुकानदार सूट द्यायलाही तयार होता. माझा अगदी पापड मोडला. परत येताना रस्ताभर आम्ही दोघं दोन अनोळखी माणसांसारखे चालत होतो.

महिना संपायला पंधरा दिवस राहिले. मी काय करू?

उत्तराची वाट बघतेय, आणि हल्ली वाट बघायची मला सवय नाही.

तुझी
ताई

---

ता. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचा डाव मला कळला. त्यांना घरात ते यंत्र नकोच आहे. तुझं मन मोडवत नाही, म्हणून दुकानात जायचं आणि नाक मुरडून बाहेर पडायचं. मी रोज असली गिऱ्हाइकं बघतो. तू आता त्यांना विचारूच नकोस. सरळ एक साउंडबार उचल, टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी असते ती. एक वायर, एक बटण. व्याह्यांना बोलाव आणि विषय संपव.

स्पष्ट लिहिलं म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा
खटपट्या

---

ता. २५ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बुद्धीची आरती ओवाळावीशी वाटतेय. बस आणि ऐक.

तुझं पत्र वाचून मी साउंडबार आणायला एकटीच निघाले होते. हे चपला घालून मागोमाग आले. तिसरं दुकान छोटं, एका गल्लीत, मालक चष्मेवाला आणि बोलण्यात तिखट. ह्यांनी पुन्हा ती डिस्क काढली. पडद्यावर शाळेचा रिकामा लांब व्हरांडा, आणि एक बाई चालत येते, थांबते, वळून परत जाते. बोलणं एक नाही. आधी ते सगळ्यात महागड्या यंत्रावर लावलं. हे म्हणाले, हा बुटाचा लाकडी तळ वाटत नाही, रबरी वाटतोय. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, की तळ लाकडीच होता हे तुम्ही कशावरून सांगता.

आणि माझा नवरा, जवळजवळ चार आठवडे घरात हो-नाही पलीकडे न बोललेला माणूस, ताठ उभा राहून म्हणाला की तळ लाकडी होता, कारण चाललो मी होतो.

दुकानदार फिसकन हसला. पडद्यावर नाजूक बाई आणि समोर हे मिशीवाले! हसतच त्याने पैज मारली. हे पाठ करून उभे राहिले, आणि तो गुपचूप यंत्रं बदलत गेला. पाचही वेळा ह्यांनी बरोबर सांगितलं कुठलं लावलंय ते. एकदा तर म्हणाले की डाव्या स्पीकरची तार उलटी जोडलीय. त्याने जाऊन बघितलं, तर खरंच उलटी! तोवर दुकानात आठ-दहा माणसं जमली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाचनालयाची शिस्त विसरून.

ह्यांनी निवडलं काय, तर कोपऱ्यात धूळ खात पडलेला गेल्या वर्षीचा छोटा संच. पाच स्पीकर, वहीपेक्षा थोडे उंच, आणि बेसचा एक छोटा खोका. तिथे लाकूड लाकडासारखं वाजलं. तू मिरवणं म्हणतोस ते मागचे दोन पाहिजेतच, असं त्यांचं म्हणणं. माणूस पाठीमागून येतो तेव्हा पाठीमागूनच ऐकू यायला हवा, नाहीतर मी एवढा चाललो कशाला, असं विचारत होते. दुकानदाराने पुसून-बिसून दिला, आणि आम्हाला झेपेल त्याहून कमीतच दिला. वर ह्यांना विचारलं, की दर शनिवारी येऊन माझी यंत्रं ऐकून द्याल का.

म्हणजे डाव कसला नि काय! ते आपलीच पावलं शोधत होते. पेटी मात्र अजून दारातच आहे. दुकान वेगळं, आपली माणसं वेगळी, असं म्हणाले. येत्या रविवारी व्याही येणार आहेत. भंगारवाल्याला मी सोमवारी यायला सांगितलंय.

स्पीकर कुठे ठेवायचे ते लगेच कळव. कान पकडलेस असं समजून आशीर्वाद देते.

तुझी
ताई

---

ता. २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कान पकडले, पाच उठाबशाही काढल्या, बायकोने मोजल्या. भाऊजींची माफी मागतो.

दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ओढ. मागचे दोन स्पीकर पुस्तकांच्या फळीवर, बसलेल्या माणसाच्या कानाहून थोडे वर. मधला टीव्हीखाली. बेसचा खोका कोपऱ्यात कोंबू नकोस, नाहीतर खोली गुरगुरेल. बाकी भाऊजी म्हणतील तसं, मी आता शिष्य आहे.

रविवारनंतर सगळं सोडून तुझ्या पत्राचीच वाट बघणार. लोभात कपात करू नकोस.

तुझा
खटपट्या

---

ता. २ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

जिंकलो!

काल दुपारी व्याही, विहीणबाई, जावई आणि लेक आले. सहा माणसं त्या खोलीत म्हणजे गुडघ्याला गुडघा. व्याह्यांनी फळीवरचे ते चिमुकले स्पीकर पाहिले आणि मिशीत हसू लपवलं. मी पाहिलं बरं का. मग मी पडदे ओढले आणि टीव्हीवर चक्क चादर टाकली. आज बघायचं नाही, फक्त ऐकायचं, डोळे मिटा, असं बजावलं. वाचनालयातला आवाज काढला की माझं कुणीही ऐकतं.

ह्यांनी आधी एक जिन्याचा प्रसंग लावला. जड बुटांचा माणूस मागून एकेक पायरी चढत येतो आणि खोलीत शिरतो. व्याही दचकून उठलेच आणि मागे वळून बघायला लागले, तर तिथे माझी पुस्तकं! सगळे हसले, पण ह्या वेळी हसू कुणाला टोचणारं नव्हतं. व्याह्यांनी विचारलं की कोण होता तो. जावई ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे बाबाच होते. मग ह्यांनी दारातली पेटी मध्ये ओढली, एकेक बूट काढला आणि जमिनीवर टाकलेल्या लाकडी फळीवर चालून दाखवलं: सैनिक, म्हातारा, पळून जाणारा चोर. व्याह्यांनी ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले की मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो. सगळ्यांदेखत म्हणाले. वर माझ्या हॉलमध्ये एवढं नीट ऐकू येत नाही, येऊन बघाल का, अशी गळही घातली. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली, ती व्याह्यांनीच उचलून ठेवली.

माझं काम फत्ते झालं होतं. चहा टाकायला उठणार, तेवढ्यात ह्यांनी ती शाळेच्या व्हरांड्यातली बाई लावली. लेक माझ्या शेजारी बसली होती, डोळे मिटून. पावलं मागून आली, थांबली, परत गेली. लेक डोळे न उघडताच म्हणाली, की आई, मध्येच कुठे निघालीस, बस ना. मी तिच्या शेजारीच बसले होते रे, माझा हात तिच्या हातात होता.

तिने डोळे उघडले, माझ्या पायांकडे बघितलं आणि ह्यांच्याकडे वळली. मग ह्यांनी सांगितलं. त्या सिनेमातली शिक्षिका कशी चालावी हे त्यांना तीन दिवस जमत नव्हतं. वर्गांतल्या मुलांचं लक्ष मोडू नये म्हणून हळू, पण घाबरट नाही, अशी चाल हवी होती. चौथ्या दिवशी ते वाचनालयात आले आणि वर्तमानपत्राआड दिवसभर बसून राहिले. मी कपाटांमधून फिरत होते आणि हे टेबलाखाली पाय वाजवत ते शिकत होते. मला आठवलं! पाय वाजवू नका म्हणून मी ह्यांना तेव्हा सगळ्यांसमोर झापलं होतं.

मला दुकानात काही ओळखू आलं नव्हतं. आपली चाल आपल्याला कुठे ऐकू येते? सव्वीस वर्षं मी गावोगावच्या थिएटरांत चालतेय आणि माझा मलाच पत्ता नाही. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसमोर रडले, विहीणबाईही रडल्या, आणि चहा राहूनच गेला.

आज वाचनालयात काही काम नसताना मी तीनदा उठून शेवटच्या कपाटापर्यंत चालत जाऊन आले.

इकडे येशील तेव्हा बूट वाजवत ये. जिव्हाळा आहे तसाच राहो.

तुझी
ताई