फॉल्टर करून दाखवता आला नाही

पनवेल, मंगळवार, नोव्हेंबर १९९१

आज अकरावीच्या वर्गात अडखळण्याचे इंग्रजी शब्द चालून दाखवले. स्टंबल म्हणजे बाकाला पाय लागून तोल गेला. स्टॅगर म्हणजे पिऊन आलेला माणूस. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, सराव दिसतोय!" वर्ग हसला, मीही. फॉल्टर मात्र करून दाखवता आला नाही. वाटेत काहीच नसतं आणि तरी पाय थबकतो, एवढंच सांगितलं. आवाजालाही हाच शब्द वापरतात, तेही.

संध्याकाळी आई नेहमीसारखी भाजीला निघाली. मी दारातच होतो. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी ती थांबली. कठडा घट्ट धरला. पायरीवर काही नव्हतं.

"काय झालं गं?"

"चप्पल निसटली रे."

चप्पल पायात नीट होती. मग ती सावकाश उतरली. मेथी घेऊन आली, जुडीवरून भाजीवालीशी कशी भांडली ते खुशीत सांगत बसली.

दादा कळंबोलीला तळमजल्यावर राहतो. आई जिन्यात एकदा जरी अडखळली तरी तिला तिकडे नेणार, असं त्याने बजावून ठेवलंय. तिला इथला बाजार सोडायचा नाही.

जेवणाआधी शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. "आई जिन्यात अडखळत नाही ना?"

"नाही." खोटं बोललो का? तिचा पाय कशालाच लागला नव्हता. पण तेवढं म्हणतानाही माझा आवाज थबकला.

"काय झालं रे?"

"काही नाही दादा, चप्पल निसटली."

शेजाऱ्यांच्या घरात मी अनवाणी उभा होतो.