साजगावच्या रस्त्यावरचं इंग्रजी

आप्पा,

परवा नातवाने विचारलं, ग्लो आणि ग्लीम यात फरक काय गं आजी? मी सांगितला आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आठवण आली तरी आत काही हलत नाही. खरं तर तेव्हाही हललं नव्हतं. घरात सगळे रडत होते आणि मी मोरीत कपबश्या विसळत होते.

खोपोलीच्या शाळेतली शिकवणी आटोपून आपण साजगावला निघायचो तेव्हा दिवस मावळलेला असायचा. तुमचं सुरू, "काय दिसतंय गं? इंग्रजीत सांग." लांब कुणाच्या खोपटातली चिमणी मिणमिणते, तो ग्लिमर. निखाऱ्यासारखा आतून तांबूस, तो ग्लो. म्हणजे शेकोटीभोवती माणसं आहेत, नमस्कार करायचा. ट्रकचा डोळ्यांत घुसणारा उजेड तो ग्लेअर, की लगेच कडेला. ओल्यावर, पितळेवर चमकतो तो ग्लीम. शेजारची काकू म्हणायची, "मास्तर, घरी टाइम नाय मिळत काय? पोरीला रस्त्यात कशाला पिडताय?" मलाही वैताग यायचा. सातवीतल्या पोरीला भूक लागलेली असते, ग्लिमर कसला नि काय.

एकदा चांदणं होतं. रस्त्यात डबकं आणि त्यावर चंद्र. मी कंटाळून ग्लो म्हणते आणि तुम्ही सरळ त्यात पाय घालता. वासरूसुद्धा चुकवेल असं ते डबकं. धोतर भिजलं त्याचं काही नाही, तुम्ही चिडलात ते शब्दावर. "ग्लो आतला असतो. ग्लीम दुसऱ्याचा उजेड घेऊन चमकतो. इतकं सांगून डोक्यात शिरत नाही?" घरी धोतर पिळताना आई मला हळूच म्हणाली, "त्यांना दिवस मावळला की दिसत नाय गं. शाळेत कळलं तर घरी बसवतील. तुला ठाऊक हाय असं दाखवू नको."

मग मॅट्रिक होईपर्यंत माझा एकही शब्द चुकला नाही. तुमची नोकरी टिकली, पेन्शनही मिळाली. पुढे दिवसाही दिसेनासं झालं, तेव्हा आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, हिचं इंग्रजी मी चालता चालता पक्कं केलं. मी मान डोलवायचे, मग लक्षात यायचं आणि तोंडाने हो म्हणायचे.

हे तेव्हाच लिहिलं असतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं. आणि शाळेच्या त्या दिवसांत मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एकटे निघाला असता. नोकरीची काळजी आईला होती. मला एवढंच, की त्या रस्त्यावर तुमचा हात माझ्या खांद्यावर असायचा. एरवी तुम्ही मला कधी जवळ घेतलं नाहीत.