बटाट्यांचा कडा

प्रिय बुल्टी,

तुमचा निमा शेर्पा आत्ता आमच्या स्वयंपाकघरात जेवतोय. आई त्याच्या पानात माशाचा आणखी एक तुकडा टाकून ‘खा रे बाबा, वर डोंगरात कोण वाढणार तुला’ म्हणतेय, आणि तो ‘नको नको’ म्हणत तोही संपवतोय. नवे दोर घेऊन उद्या तो तुमच्याकडे परत निघेल, त्याच्याच हाती हे पत्र देणार आहे. आईचा आग्रह पाहता मला लिहायला भरपूर वेळ मिळेल. एवढे फोन असताना ही बया कागद कशाला खरडतेय, असं तुला वाटलं असेल. पण तुमच्या तळावर फोन एकच, आणि दर रविवारी तो क्लबात वाजतो तेव्हा निम्मी आळी त्याच्या अंगावर पडलेली असते. हाबुलदा तो स्पीकरवर टाकतात आणि ‘सगळे गप्प बसा!’ असं सगळ्यांपेक्षा मोठ्याने स्वतःच ओरडतात. त्या बाजारात मी तुला काय विचारणार? आणि विचारायचं तर खूप आहे.

पहिलं म्हणजे, तू निमाबरोबर पाठवलेला आवाज मिळाला. सियालदाला गाडी सुटताना तो छोटा रेकॉर्डर मी तुझ्या खिशात कोंबला आणि म्हटलं, ‘कुठे कडा कोसळताना दिसला तर पळायच्या आधी बटण दाब.’ ती चेष्टा होती गं! माणसाने शब्दाला इतकंही जागू नये. निमा सांगत होता, तुम्ही दोघं वरच्या छावणीच्या अलीकडे होतात, समोरची अख्खी बाजू सुटून खाली आली, आणि ‘दीदीने आधी खिशात हात घातला.’ हे ऐकून तुला ओरडावं की मिठी मारावी, मला कळेना. ती चढाई तिथेच सोडून तुम्ही सुखरूप तळावर आलात, हे देवाचे उपकार. आता हवा उघडण्याची वाट बघताय, आणि उघडली की पुन्हा वर. मला सांग, कडा सुटला तेव्हा आवाज आधी आला की बर्फ आधी दिसलं? तो कानात वाजला की पोटात? नंतर जी शांतता झाली ती कशी होती? आपल्याकडे दुपारी वीज गेली, सगळे पंखे थांबले की क्षणभर होते तशी, की तिची जातच वेगळी? हसू नकोस, माझं पोट याच्यावर चालतं.

तमालदांच्या नव्या ध्वनिनाटकात शेवटी कडा कोसळतो, हे तुला सांगितलं होतंच. बाकीचा हिमालय मी आमच्या कोंदट स्टुडिओत बसून उभा केलाय. कापडी पिशवीत आरारूट भरून दाबलं की बर्फातली पावलं, ओला गमछा झटकला की तंबूवरचा वारा, शेवग्याची शेंग मोडली की कोणाचं तरी हाड. (ती शेंग नंतर डाळीत जाते. आमच्या घरी हाडं वाया जात नाहीत.) कडा तेवढा राहिला होता. मोठ्या तोऱ्यात मी तुझ्या रेकॉर्डरची चिप लावली आणि म्हटलं, ‘ऐका, अस्सल माल.’ तमालदांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, ‘पुटुल, या पुऱ्या कोण तळतंय?’ मी भडकले. म्हटलं, माझ्या मैत्रिणीने जीव धोक्यात घालून आणलेला कडा आहे हा! ते म्हणाले, ‘असेल गं बाई. पण ऐकणाऱ्याने कडा कधी ऐकलाय? त्याला त्याच्या मनातला कडा पाहिजे. तुझ्या मैत्रिणीचा तिच्यापुरता खरा.’ राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. मी पुन्हा ऐकलं, आणि खरंच, कढईत काहीतरी चुरचुरत होतं. ‘सगळी चिप नीट ऐक, मध्ये कुठे तुकडा सापडेल,’ असं म्हणून ते घरी गेले. माझी खोड तुला माहीत आहे, मी टेप अर्धवट सोडत नाही. सगळी ऐकली. त्याबद्दल पुढे लिहीन, निमा अजून भातावरच आहे.

मग कडा मिळाला कुठे, विचार. आपल्या पाइकपाड्याच्या बाजारात! सकाळी आईने कोथिंबिरीला पिटाळलं होतं. नव्या बटाट्यांचा ट्रक आला होता आणि एक हमाल फळीवरून पोतं उलटं करत होता. माझी तिकडे पाठ होती. आधी एक बटाटा, मग चार, मग एकदम सगळे, आणि सगळे खाली पोचल्यावरही मागे राहिलेले दोन घरंगळत आले. मी तिथेच डोळे मिटून उभी. भाजीवाली मावशी घाबरली, ‘काय गं, चक्कर आली का? बस इथे गोणीवर.’ मी त्या हमालाला म्हटलं, दादा, पुन्हा एकदा ओता ना. तो म्हणाला, ‘दीदी, बटाटा हवाय की बटाट्याचा आवाज?’ म्हटलं, आवाज. तर म्हणतो, ‘मग तो किलोवर देऊ की नगावर?’ सगळा बाजार हसला, पण बिचाऱ्याने तीन पोती ओतून दाखवली आणि मी तो आवाज फोनमध्ये टिपून घेतला. स्टुडिओत ते बटाटे मी इतके सावकाश केले की एकेक बटाटा घराएवढा वाटायला लागला. वर गादीवाल्याचा एक टणत्कार जोडला. हल्ली ते धनुष्य खांद्यावर टाकून कापूस पिंजायला दारोदार फिरू लागलेत ना, त्यांच्यातल्याच एकाचा. तमालदांनी ऐकलं आणि खुर्ची धरली. ‘हा! याला म्हणतात कडा!’ तेव्हा तुझ्या कड्याच्या जागी आता बटाटे कोसळणार आहेत. रागावू नकोस. मला मात्र दोन दिवस एकच कोडं पडलंय, खरी गोष्ट खरी का वाटत नाही? आणि खोटी इतकी खरी कशी वाटते?

आळीची खबर अशी, की थंडी पडलीय असं जाहीर झालंय. म्हणजे पंखा अजून चालू आहे, पण माकडटोप्या निघाल्यात. पेपरात तुमच्या तुकडीची बातमी आली, ‘देवारती सामंत’ असं भारदस्त नाव छापून. फुचकावाल्याने मला विचारलं, ‘ही कोण आपल्या आळीतली? नवी भाडेकरू?’ म्हटलं, अरे, फुचक्याच्या पुरीत जास्त चिंचेचं पाणी मागून तुझं डोकं खाते ती बुल्टी! तेव्हापासून तो पेपरचं ते कात्रण गाड्यावर चिकटवून मिरवतोय. क्लबात तुझ्या स्वागताची तयारी जोरात आहे. पोरांनी पुठ्ठ्याचा डोंगर केलाय, त्याच्या टोकाला झेंड्यासाठी भोक ठेवलंय. ढोल-ताशा सांगून झालाय. बोकडही ठरलाय. आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तुझ्या झेंड्यातला आपला तुकडा कुठला हे मला पुन्हा पुन्हा सांगते. घराघरातल्या साड्यांचे तुकडे जोडून झेंडा शिवायची कल्पना कोणाची होती गं? छान होती. फक्त इतक्या घरांचं ओझं एका पोरीच्या पाठीवर जाईल, हे तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, ‘मस्त आहे सगळं. हवा उघडली की निघतोच!’ टाळ्या पडल्या. हाबुलदांनी तर फोनलाच नमस्कार केला. तुझी आई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. परतताना जिन्यात तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘पुटुल, तू कानाची जाणकार. मला सांग, आवाज बरा होता ना तिचा? चोरून लोणचं खाऊन यायची आणि काही नाही म्हणायची, तशी बोलत होती ती.’ मी म्हटलं, मासीमा, लांबून येणारा आवाज तसाच येतो. कानावर पोट भरणारी मी, पण त्या वेळी बहिरेपणाचं सोंग घेतलं. तिने तुझी रजई उन्हात टाकलीय. रोज टाकते, रोज काढते.

तुला आपला गच्चीवरचा खेळ आठवतो? डोळे मिटायचे आणि आवाज ओळखायचा. मी ओळखत बसायची, आणि तू अर्ध्यातच डोळे उघडून आवाज कुठून येतोय ते बघायला जिना उतरून पळायचीस. तेव्हाच आपल्या दोघींचं ठरून गेलं असणार. तू बाहेर पडणार आणि मी तू परत येऊन सांगशील त्याची वाट बघणार. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरंच सांगते. घरात बसून मी समुद्र केलाय, वाळवंट केलंय, ते सगळं तुझ्या गप्पांवर. पण आज सारखा तो कदंब आठवतोय. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी क्लबामागच्या कदंबाच्या शेंड्याला पतंग अडकला आणि तू सरसर वर गेलीस. खाली सगळी पोरं ‘बुल्टी! बुल्टी!’ करत नाचत होती. तू वरून हसत होतीस, हात हलवत होतीस. मी बुंध्याला कान लावून उभी होते, आणि मला वरून एक बारीक शिट्टी ऐकू आली. तुझ्या नाकाची. भीती वाटली की तुझं नाक वाजतं, हे तुला स्वतःलाही माहीत नाही. फांदी पुढे बारीक होती, पतंग लांब होता, आणि इतक्या जणांसमोर उतरायचं कसं, म्हणून तू हसत लटकून होतीस. मी ओरडले, ‘मासीमा नारळाचे लाडू वाटतायत रे!’ आणि मैदान रिकामं झालं. मग तू मुकाट्याने उतरलीस, अगदी सहज, गुडघाही न खरचटता. पतंग तिथेच राहिला. लाडू नव्हतेच, त्यामुळे पोरांनी मला धुतलं, ती गोष्ट वेगळी.

निमा आता हात धुतोय, तेव्हा लिहूनच टाकते. बुल्टी, तू बटण बंद करायला विसरलीस. तुझ्या पुऱ्या तळून संपतात, निमा लांबून काहीतरी हाक मारतो, मग बराच वेळ काही नाही. आणि मग ती शिट्टी येते. इतक्या वर्षांनी ऐकली, पण तीच. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसले. मग तुझा आवाज येतो, कोणाशी नाही, स्वतःशीच, ‘मला नाही आता वर जायचं. पण झेंडा तसाच गुंडाळून आळीत कुठल्या तोंडाने जाऊ?’ तमालदांना मी सांगितलं, पुढे नुसता वारा आहे. ते माझ्याशिवाय कोणी ऐकलेलं नाही, आणि ऐकणारही नाही. पण काल मी क्लबात गेले, कॅरमपाशी उभी राहिले आणि सहज विचारल्यासारखं हाबुलदांना विचारलं, समजा बुल्टी नाही पोचली वर, तर? त्यांनी सोंगटीवरची नजर काढली नाही. ‘तर काय? मटण होणारच. बोकडाला थोडंच माहीत आहे शिखर लागलं की नाही!’ म्हटलं, आणि झेंडा? ‘झेंडा परतच आणायला सांग तिला. नव्या बालुचरीचा पदर कापला म्हणून तुझी वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाही. तो तुकडा घरी आला तर मला निदान गरम चहा मिळेल.’ सगळे खो खो हसले. कोणी विचारलं नाही, का गं विचारतेस? फक्त मी निघाले तेव्हा हाबुलदा दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, ‘पुठ्ठ्याच्या डोंगरावरचं ते भोक बुजवून टाकतो. पोरांना काय, सांगू की उंदराने कुरतडलं होतं.’ म्हणून हे पत्र. ‘उतर’ असं मी तुला सांगत नाही, मी कोण सांगणारी! उद्या हवा उघडली आणि तुझ्याच मनाने घेतलं, तर खुशाल वर जा, आणि आल्यावर मला सगळं सांग, तिथे वर काय ऐकू येतं ते सुद्धा. पण आमच्यासाठी जाऊ नकोस. लाडू वाटतायत असं सांगून मी सगळ्यांना कधीच पांगवलंय. झाडाखाली आता कोणी नाही, बुल्टी. मी एकटीच आहे, बुंध्याला कान लावून.

तुझीच,
पुटुल