गडव्यातले चिंचोके

बाबा, काल दादाच्या घरी वीस बाजूंचा खरा फासा हातात घेतला. निळा, प्लॅस्टिकचा, सुपारीएवढा. दादाची मुलगी मैत्रिणींबरोबर तोच खेळ खेळते, तलवारींचा, राक्षसांचा आणि गुहांचा, जो आपण आर्वीच्या घरी कूलरसमोर सतरंजी टाकून खेळायचो. फासा हातात आल्यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तो परत दिला आणि चहा घेतला.

ऐंशी सालानंतरचा तो एक उन्हाळा. दादानं नागपूरच्या होस्टेलातल्या मित्राकडून एक जाडजूड इंग्रजी नियमपुस्तक मागून आणलं होतं. तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवायचात, त्यामुळे अर्थ लावायचं काम आपसूक तुमच्या गळ्यात पडलं, आणि न्यायनिवाडाही तुमच्याकडेच आला. समोरासमोरच्या मारामारीची पानं सगळ्यांत किचकट. एक फेरी मिनिटाची, आणि तेवढ्यात वार एकच. दादा तणतणतो, "मिनिटात एकच वार? तलवार हाय का मुसळ?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. "कुस्ती पाह्यली नाई का कधी? मिनिटभर झोंबाझोंबी चालते, अन् डाव एकच लागते. बाकी साऱ्या धापा." असले निवाडे देताना तुम्ही फार खूश असायचात, शाळेत कधी एवढे दिसला नाहीत.

तसला फासा आर्वीत कुठे मिळणार? आईनं डब्यातले वीस चिंचोके दिले, तुम्ही त्यांवर पांढऱ्या रंगानं एक ते वीस आकडे घातले आणि पितळी गडव्यात टाकले. डोळे मिटून एक काढायचा, आकडा मोठा असला तर वार लागला, लहान असला तर हुकला, आणि चिंचोका परत गडव्यात. पहिल्याच दिवशी माझ्या हाती सारखे लहान आकडे आले. मी घाबरून, खेळात माझी जी लढवय्यी होती तिला राक्षसापासून पळवलं. "काऊन पळाली?" तुम्ही म्हणालात, "पाठ दाखवली की त्याले एक वार फुकट भेटते." त्या फुकटच्या वारात ती मेली. मी जेवले नाही. आईनं दोनदा हाक मारली, मग नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलंत, भराभर इंग्रजी वाचलंत आणि जाहीर केलंत, की काल आपण चुकीचं खेळलो. निघालेला चिंचोका गडवा रिकामा होईस्तोवर परत टाकायचाच नाही. म्हणजे लहान आकडे एकदाचे निघून गेले की पुढे मोठेच येणार. कालचा डाव बाद झाला आणि माझी लढवय्यी उठून बसली. सुट्टीभर आपण तसंच खेळलो. लहान आकडा आला की मला आनंदच व्हायचा, एक वाईट कमी झालं म्हणून.

मी बी.एस्सी.ला असताना तुम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात होतात. आधी कावीळ, मग ऑपरेशन, मग टाके चिघळले. मी खाटेशी बसून संत्रं सोलत होते. तुम्ही म्हणालात, "पाहाय बाई, लहान आकडे सारे निघून गेले. आता गडव्यात मोठेच उरले." मी म्हटलं, "हो बाबा." तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. सगळे रडत होते, आणि मी उरलेल्या संत्र्यांचं काय करायचं ते बघत होते. तेव्हापासून मी अशीच आहे, थोडी बधिर. लोकांना वाटतं, खंबीर आहे.

काल मी भाचीला आपला नियम सांगितला. ती हसली. "आत्या, फासा मागचं लक्षात ठेवत नाही. दर वेळी सगळे आकडे असतातच." दादा पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "पुस्तकात तसं काईच नव्हतं. मी भांडाले निघालतो, तर बाबानं मले सैपाकघरात नेलं. म्हणे, ते पोरगी काल उपाशी झोपली, तू गप राह्यजो." मग त्यानं पान उलटलं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सतरंजीवरही आणि खाटेवरही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून कपाटात ठेवीन. पण बाबा, तुम्ही गेलात त्याच वर्षी आम्हाला कॉलेजात हेच गणित शिकवलं होतं. आयुष्यात निघालेला लहान आकडा परत गडव्यात पडतो आणि पुन्हा हाती येऊ शकतो, हे संत्रं सोलताना मलाही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. मला वाटलं, तुमचा त्यावर विश्वास आहे.