कोऱ्या चहाचा संशय

आई, मी माहेरी आले की डिंभ्याला तुझ्या स्वयंपाकघरात दुपारी आपण दोघी लसूण सोलत बसायचो. माझी सात वर्षांची लेक एका जागी टिकायची नाही; डब्यावरून फळीवर, फळीवरून दारात. तू तिला कपभर कडक कोरा चहा द्यायचीस. थोड्या वेळानं ती आपल्याशेजारी पाकळ्या ओळीत मांडत बसायची, कधी तिथंच गोणपाटावर झोपायची.

मला संशय आला. आपल्याकडे लहान पोरांना झोप यावी म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून देतात. तू चहात तेच घालतेस, असं मी धरून चालले. नन्सच्या शाळेत तूच मला घातलंस. लेबल वाचल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हे तिथं शिकले. तुझ्या कपाला लेबल नव्हतं.

"काय घातलंस चहात?"

"चहा. दुसरं काय घालनार, माझं डोस्कं? पी की, मग कळंल."

मी प्यायले. दिवेलागणीपर्यंत छाती धडधडत होती, आणि लेक गाढ झोपलेली. तरी वाटलं, तू कप बदललास.

पुढच्या खेपेला एस.टी.त उलटी होऊ नये म्हणून तिला डॉक्टरांकडून गोळी आणली. "डिंभ्यापर्यंत झोपेल," ते म्हणाले. घोडेगाव यायच्या आत ती सीटवर उभी राहून लोकांच्या टोप्या ओढत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, काय पाजलंय हिला? आता डायवरच्या मांडीवर बसंल ही!" तरी मी गोळीला दोष दिला नाही. तुझ्या चहानंच पोर बिघडली म्हणाले आणि तो बंद केला. "कर बंद," तू म्हणालीस, "पर तिला मारू नगंस."

तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेकीची एकही नोकरी टिकत नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, तिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, लहानपणापासून. इतरांना तरतरी आणणारं औषध अशा काहींना स्थिर करतं, झोपेचं औषध कधी उलटं फिरतं. सगळ्यांचं असं होत नाही, बघत बघत जायचं. "डॉक्टर, हिला आणखी जाग आणून मी काय करू?" मी विचारलं. ते हसले. मला त्यांचं हसणंही आवडलं नाही.

गोळी सुरू झाल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा एक ब्लाउज पुरा शिवला. मी शिलाई पाहिली नाही, तिचे डोळे पाहत राहिले. काल ती म्हणाली, "आई, माझ्या गोळ्या तुझ्या कपाटात का? कुलूप कुणासाठी?" माझ्या मुलाचं, तिच्या भावाचं, म्हणणं आहे, माझं जुन्नरचं घर माझ्यामागं त्याच्या एकट्याच्या नावे करावं, हिला काय झेपणार.

म्हणून मृत्युपत्रात काय लिहायचं ते ठरवलंय. माझ्या बांगड्या सुनेला. घर दोघांना निम्मं निम्मं; तिचा हिस्सा तिच्याच नावावर, वर कुणाची देखरेख नको. गोळ्या उद्या सकाळी तिच्या हातात. ती गोळी घेऊन खोलीबाहेर गेली की, खरंच घेतली का ते बघायला, मी केराच्या टोपलीत गोळीचं रिकामं वेष्टन शोधणार, हे तुला सांगते, तिला नाही.