ओल्या फडक्याचा आकडा

११ एप्रिल
दादाला मारलं. कॉम्प्रेसर रूममध्ये, सगळ्यांच्या देखत. सख्ख्या थोरल्या भावाला!

दुपारी तीनला दोन्ही मशिनं प्रेशर चढून बंद पडली. आठवड्यातली चौथी वेळ. बाहेर एक्केचाळीस, कोल्ड स्टोरेजच्या फळांच्या खोल्या आतून तापायला लागलेल्या, आणि मालक दारात उभा राहून माझी अक्कल काढतोय. दादा ऑपरेटर, मी त्याच्या वरचा इन्चार्ज. डिप्लोमा माझ्याकडे, कान त्याच्याकडे, असं सगळा प्लांट म्हणतो. खोटं नाही ते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला टेकवायचं, मूठ डाव्या कानाला लावायची आणि उजव्या हाताने लॉगबुक भरायचं, बावीस वर्षं हेच. बेअरिंग कुरकुरायच्या आत त्याला कळतं.

मी म्हटलं, चालू कर. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "मशिनचा दोष नाही. जागेचा—"

पुढचं ऐकून घेतलंच नाही. त्याचं ते शांत बोलणं! डोक्यात तिडीक गेली आणि हात सुटला. कानावर, अख्खा पंजा. तो भिंतीला टेकला. मग स्क्रूड्रायव्हर उचलला, शर्टाला पुसला आणि बाहेर गेला.

१२ एप्रिल
पंजा अजून हुळहुळतोय. बापाचा, आप्पांचाच हात आहे हा. आमच्या दोघांच्या पाठी त्यांनीच सोलल्या होत्या, आणि माझ्या वाटचा मार बरेचदा दादाने मध्ये पडून खाल्ला.

वहिनी रोज दोघांचा डबा पाठवते. आज एकच आला.

१४ एप्रिल
मालकाशी जुंपली. मशिनांची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बदलायचाय यावर एकमत, कोणता घ्यायचा यावर हाणामारी. त्याला पंख्यावर चालणारा हवाय. पाणी नको, क्षार नको, कटकट नको. मी त्याला गच्चीवर ओढत नेलं. दोन थर्मामीटर टांगले, एक कोरडा, एक बुडाला ओलं फडकं गुंडाळलेला. कोरडा एक्केचाळीस, ओला चोवीस. म्हटलं, बघा डोळे फाडून. नुसत्या पंख्याच्या मशिनला एक्केचाळीसशी झुंजायचंय, पाणी उडवणाऱ्याला चोवीसशी. ह्या उन्हात कोणतं टिकेल?

खाली आल्यावर त्याने पेपरवेट फेकला. माझा कान थोडक्यात वाचला, कपाटाची काच गेली. मी त्याचं टेबल उलटं केलं. मग दोघांनी मिळून कागद गोळा केले आणि तो म्हणाला, घे तुझं पाण्याचं मशिन, पण जुन्याच जागी, मागच्या बोळात. पाइप तिथेच आहेत. मला काय, बोळ तर बोळ.

१७ एप्रिल
विक्रेता आला होता, गळ्यात टाय. त्याने मशिनचं माप ओल्या थर्मामीटरच्या वर्षभराच्या सरासरीवर काढलेलं. एकोणीस म्हणे! मी त्याचा टाय धरून त्याला खुर्चीतून उभा केला. म्हटलं, फळं सरासरीने सडत नाहीत, एप्रिलच्या दुपारी तीनला सडतात. शर्टाचं वरचं बटण उडालं. त्याने चोवीस लिहिलं आणि एका मापाने मोठं मशिन धरलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१९ एप्रिल
दादाला मागून तीन हाका मारल्या. वळला नाही. अबोला धरलाय. धर म्हणावं!

२२ एप्रिल
बोळातल्या जुन्या कंडेन्सरच्या जाळीला दादाने कापडाच्या चिंध्या बांधल्यात. पंधरा-वीस. वारा मोजतोय म्हणे, फिटर सांगत होता. माझ्याशी बोलायला तोंड नाही आणि माझ्या कामावर चिंध्या! सगळ्या उपटल्या, गोळा करून त्याच्या टेबलावर आपटल्या. त्याने त्या नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. मेला असता माझ्या हातून तेव्हा.

लॉगबुकही अर्धवट. तासाचे आकडे मागाहून भरल्यासारखे, वेडेवाकडे. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मुद्दाम करतोय.

२५ एप्रिल
फोर्कलिफ्टने दादाला उडवला असता. डाव्या बाजूने आली, क्रेटचा कोपरा खांद्यात घुसला, शर्ट फाटून रक्त आलं. मी ड्रायव्हरला सीटवरून खाली खेचला आणि दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला त्याचा. रडत म्हणत होता, "साहेब, तीनदा हॉर्न दिला. आईशप्पथ." खोटारडा! तीनदा हॉर्न दिल्यावर कोण उभा राहील?

दादाने त्याला स्वतःचा रुमाल दिला. माझ्याकडे बघितलंही नाही.

२९ एप्रिल
उद्या मशिनचा पाया खणायचा म्हणून माप घ्यायला बोळात गेलो. सहज ओला थर्मामीटर टांगला. एकोणतीस.

फडकं सुकलं असेल म्हणून परत भिजवलं. एकोणतीस. धावत गच्चीवर गेलो, तिथे चोवीस. परत बोळात, एकोणतीस.

दादाच्या ड्रॉवरमधून एक चिंधी काढून जाळीला बांधली. वर सुटलेली गरम दमट हवा समोरच्या शेडच्या भिंतीवर आपटत होती आणि खाली येऊन जाळीतून परत आत. चिंधी ताठ आतल्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी मालकाने ती भिंत बांधली, आणि तेव्हापासूनच मशिनं बंद पडताहेत. आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा ओढतंय ते बिचारं. नवं आणलं असतं तर तेही इथेच गुदमरलं असतं, मोठं असून.

"जागेचा—" म्हणाला होता. एक वाक्य ऐकायचं होतं. एक!

३० एप्रिल
मालकाला सगळं दाखवलं. भिंत पाडायची नाही म्हणाला. बापाच्या नावाची शेड आहे.

२ मे
भिंत पाडली. घण घेऊन मीच सुरू झालो, कोणाला विचारलं नाही. चौथ्या घावाला विटा सुटल्या. हाताची सालटी निघाली तरी थांबावंसं वाटेना. त्या भिंतीत मला कोण कोण दिसत होतं देव जाणे.

मालक सळई घेऊन धावला. मी पाठमोरा होतो. वळलो तेव्हा सळई दादाच्या हातात होती. मध्ये येऊन त्याने ती वरच्या वर धरली होती, तळवा फाटून मनगटापर्यंत रक्त. मालकाने हिसडे दिले, दादाने सोडली नाही. शेवटी मालक विटांच्या ढिगावरच बसला आणि हुंदके द्यायला लागला. म्हणाला, तुम्ही दोघे भाऊ मिळून मला संपवणार. मग म्हणाला, पाडलीच आहे तर पुरती पाडा.

दादाला म्हटलं, मध्ये कशाला आलास? तो तसाच निघून गेला. अजून अबोलाच! मी लाथ मारून बादली उडवली.

२३ मे
नवं मशिन सुरू झालं. दुपारी तीन, बाहेर बेचाळीस, प्रेशरचा काटा जागचा हलला नाही. मालकाने मला मिठी मारली. फोर्कलिफ्टवाल्यानेही हात मिळवला, ओठावरचा व्रण घेऊन.

दादा कॉम्प्रेसरपाशी गेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली. उजव्या कानाला. लॉगबुक शेजारी तसंच पडलेलं, लिहायचा हात मोकळा नव्हता. ऐकून झाल्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवला, मग पेन घेतलं, मग आकडे आठवून लिहिले.

तडक वहिनीकडे गेलो. ती धुतलेले कपडे वाळत घालत होती, उशीचे अभ्रे. त्यांच्यावर पिवळे डाग. मी विचारायच्या आतच म्हणाली, "कानाचा पडदा फाटलाय भावजी. डाव्याने काही ऐकू येत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

का, म्हटलं.

"ऑपरेटरचा कान गेला हे कळलं तर इन्चार्जला त्याला कामावरून काढावं लागतं. तुम्हाला ते करायला लागू नये म्हणून."

२४ मे
आज मशिनपाशी दादाच्या शेजारी जाऊन म्हटलं, दादा, चुकलो. त्याने ऐकलं नाही. ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी डाव्या बाजूला उभा होतो.