नवऱ्याची सही

आई,

गेल्या सोमवारी मी एका बाईला परत पाठवलं. जाम गावच्या चौकात भाजी विकते ती. तिशीची असेल, तीन लेकरं पदरात, दोन महिन्यांची गरोदर. चौथं नको म्हणून एकटीच हिंगणघाटला आपल्या दवाखान्यात आली होती. मी म्हटलं, नवऱ्याची सही घेऊन ये. ती म्हणाली, "त्याले समजलं तं मारून टाकन मले, मॅडम." तरीही मी तेच म्हटलं. कायद्याने अशी सही लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? पण मध्यंतरी एका डॉक्टरच्या दवाखान्यावर कुणाचा तरी नवरा माणसं घेऊन आला आणि काचा फोडून गेला, तेव्हापासून मी भिते. सदुसष्ट वर्षांची झाले, एकटी राहते. ती पदर सावरत उठून गेली. मला फार लाज वाटली, आणि ती कोणाला सांगावी तर घरात कोणीच नाही.

मी दहा वर्षांची होते तेव्हा सिंदीकडून बैलगाडीत तुझ्या दवाखान्यात एक मुलगी आणली होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. गावात कोणीतरी काडी घालून तिचं पोट पाडलं होतं. दुपारपर्यंत ती गेली. तिची माय तुझ्या पायाशी बसून म्हणाली, "बाई, हिच्या बापानं इचारलं तं टायफाईड सांगजा." आणि तू कागदावर टायफाईड लिहिलंस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. स्टोव्हवर भात करपतोय आणि तू तिथेच पाटावर बसून सरकारला पहिलं पत्र लिहिते आहेस. मी भाताचं सांगितलं तर मान वर न करता म्हणालीस, "मग उतरव ना तूच." पुढची तीन वर्षं तू नागपूर, मुंबई, दिल्ली करत राहिलीस, समित्यांपुढे बोलत राहिलीस. मी मावशीजवळ. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. "तुही माय लेकरं मारते म्हणे," असं एकीने तोंडावर विचारलं होतं. तुला मी ते सांगितलं नाही. तू घरी असायचीसच किती!

मी डॉक्टर होऊन तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, तेव्हाही पहिल्याच महिन्यात एका बाईकडे नवऱ्याची सही मागितली होती. तू सगळ्या पेशंटसमोर संमतीचा फॉर्म माझ्यापुढे धरलास. "यात नवऱ्यासाठी ओळ कुठे आहे? दाखव मला." मी आत जाऊन रडले. तू समजूत काढायला आली नाहीस.

मंगळवारी सकाळी मी जामला गेले. ती वांगी तोलत होती. मला पाहून तिचा हात थबकला. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले, मग हळूच म्हटलं, "कोणाची सही नको. तुझी पुरे."

"मंग काल काऊन नाई सांगितलं?"

"भ्याले होते."

तिने तराजू खाली ठेवला. "तुमी बी भेता?" म्हणाली, आणि बसायला पोतं सरकवलं. आज, गुरुवारी, ती आली. एकेक अक्षर जपून काढत तिने आपलं नाव लिहिलं. सगळं नीट पार पडलं. दुपारच्या बसने ती गेली, मी दवाखान्याचं दार लावलं आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर हे लिहायला बसले.

तू जाऊन वीस वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मंजूर झाला त्या दिवशी तू दिल्लीहून ट्रंककॉल लावला होतास. मावशी बाजारात गेलेली, फोन मी उचलला. "हॅलो! अगं, झालं, झालं! ऐकू येतंय का?" तू हसत होतीस, ओरडत होतीस. तुला इतकं आनंदात मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले, शेवटी तूच फोन ठेवून दिलास. घरी आल्यावर तू ज्याला त्याला सांगत होतीस, हिंगणघाटची लाइनच खराब.

लाइन चांगली होती, आई. मीच बोलले नाही.